बोटीवरून उतरणाऱ्याची बॅग

क्रूझवरच्या दुकानावर 'ड्यूटी फ्री' अशी पाटी असते. ती वाचून बहुतेक प्रवासी समजतात की या मालावर आता कुणालाच काही द्यायचे नाही, ना इथे, ना घरी गेल्यावर. पाटी तसे काही सांगत नाही. विकणाऱ्या देशाने आपला कर सोडला आहे, कारण माल त्याच्या हद्दीत वापरला जाणार नाही, एवढाच तिचा अर्थ. माल ज्या देशात उतरणार, त्या देशाने अजून काहीच सोडलेले नसते. त्याचा हिशेब धक्क्यावर होतो, आणि तो होताना ज्यांची तोंडे उतरतात त्यांतले बरेच जण अगदी सरळ माणसे असतात.

दुसराही एक समज पक्का आहे. जहाज खोल समुद्रात होते, कोणत्याच देशाच्या हद्दीत नव्हते, मग तिथे घेतलेल्या घड्याळावर आपल्या सरकारचा काय हक्क? सीमाशुल्क कायदा, १९६२ वस्तू कुठे विकत घेतली हे विचारतच नाही. भारताबाहेरच्या ठिकाणाहून भारतात आणणे म्हणजे आयात, अशी त्याची व्याख्या आहे, आणि त्या कायद्यापुरता भारत किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत पसरलेला आहे. घड्याळ कोलंबोच्या बाजारात घेतले, जहाजाच्या सातव्या मजल्यावर घेतले किंवा कुणी भेट म्हणून दिले, ते मुंबईला उतरले की आयात झाली. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत असा देशातल्या देशात प्रवास असेल तर हा प्रश्न येत नाही. पण तेच जहाज श्रीलंकेला जाऊन आले, तर उतरणारा प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीने विमानतळावर उतरणाऱ्या परदेश प्रवाशासारखाच.

हे आत्ता लिहायचे कारण बॅलार्ड पियर. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींनी विलायतेला जाणारे लोक ज्या धक्क्यावरून निघत, तिथेच आता मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मुंबई बंदरातूनच 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे ठरवले. म्हणजे आजवर विमानतळापुरता असलेला बॅगेजचा प्रश्न आता बंदरावरही येणार, आणि तोही फार वेगळ्या प्रवाशासह. क्रूझला निवृत्त शिक्षक जातात, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करणारी जोडपी जातात, आजी-आजोबांना घेऊन अख्खी कुटुंबे जातात. यांतल्या पुष्कळांचा हा पहिलाच परदेश प्रवास असतो. रेड चॅनेल, म्हणजे शुल्क लागणारा माल जाहीर करणाऱ्यांची वाट, कशाला म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रवाशाने आणलेल्या मालावर शुल्क असावे. ते अजिबात नसावे असे मी म्हणत नाही, आणि करमुक्त मर्यादा भराभर वाढवत नेण्यातही मला फारसा अर्थ दिसत नाही. पण जो माणूस आपण होऊन 'माझ्याकडे जास्तीचा माल आहे' असे सांगतो, त्याला आजची पद्धत पैशाने आणि वेळेने इतके महागात पाडते की गप्प राहणाऱ्यालाच शहाणपण सुचल्यासारखे वाटावे. हे उलटे झाले पाहिजे. त्यासाठी दर उतरवावा, कुटुंबाला एक धरावे, आणि माल जाहीर करण्याची, म्हणजे डिक्लेरेशनची, जागा धक्क्यावरून उचलून जहाजावर न्यावी.

एका प्रवाशाला किती रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता येतो, त्या मर्यादेची गोष्ट आधी उरकतो. २०१४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा ३५ हजारांवरून ४५ हजार रुपये झाली. २०१६ च्या बॅगेज नियमांनी ती ५० हजार केली. मग तब्बल दहा वर्षे ती तिथेच थांबली. या दहा वर्षांत रुपया घसरला, फोनच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, पण कागदावरचा आकडा हलला नाही. २०२६ च्या फेब्रुवारीत नवे बॅगेज नियम आले आणि आकडा ७५ हजारांवर गेला. हे चांगलेच झाले. पण दहा वर्षे थांबून एकदम उडी मारण्याची ही रीत चुकीची आहे. मर्यादा जागच्या जागी ठेवली की ती दरवर्षी आपोआप कमी होत जाते, आणि ही कपात संसदेत कुणी मांडलेली नसते की तिच्यावर कुणी बोललेले नसते. महागाई भत्त्याचा आकडा वर्षातून दोनदा बदलतो. तसाच हा आकडा दर दोन वर्षांनी महागाईशी जोडून बदलावा, त्यासाठी अर्थमंत्र्यांच्या भाषणाची वाट पाहायला लागू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो वजनदार आहे आणि मला तो टाळायचा नाही. ज्यांना क्रूझ परवडते त्यांची एवढी काळजी कशाला? दादरच्या दुकानात बसून जीएसटी भरणारा व्यापारी आणि इथल्या कारखान्यात काम करणारा कामगार यांच्या पोटावर पाय देऊन परदेशी माल का स्वस्त करायचा?

आपल्याकडे या प्रश्नाचा फार जुना आणि फार नेमका दाखला आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीबद्दल पत्र लिहिले. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते, आणि व्यापारी संगमेश्वरचे मीठ सोडून तिकडे वळण्याची भीती होती. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्या पत्राचा आशय आहे. तसे न केले तर आपल्या मुलखातली मिठागरे बसतील, हे कारणही त्यात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला आयात शुल्काचे मर्म इतके स्वच्छ कळले होते. मला या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याचा नेमकेपणा. कोणता माल, कुठून येतो, कुणाचे नुकसान करतो, आणि किती जकातीने ते नुकसान थांबेल, हे सगळे त्यात ठरलेले आहे. जकात मिठावर आहे, कारण मिठागर वाचवायचे आहे.

ही कसोटी आपल्या बॅगेजच्या शुल्काला लावून पाहू. २०१८ पासून मर्यादेबाहेरच्या मालाला जो दर लावला गेला तो ३८.५ टक्के. ३५ टक्के मूळ शुल्क आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. हा दर सरसकट आहे. परदेशातून व्यापारी मार्गाने पुस्तके मागवली तर २०१९ पासून मूळ शुल्क ५ टक्के. मोबाइल फोनवर जुलै २०२४ मध्ये ते २० वरून १५ टक्क्यांवर आणले. खेळण्यांवर मात्र आपल्या खेळणी उद्योगाला आधार द्यायचा म्हणून २०२० मध्ये ते २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. या तिन्हींमागे काहीतरी विचार आहे, पटो न पटो. पण तीच पुस्तके, तोच फोन आणि तीच खेळणी प्रवाशाच्या बॅगेतून मर्यादेबाहेर आली की तिघांनाही एकच दर. म्हणजे जिथे इथला कारागीर वाचवायचा तिथे संरक्षण अर्ध्यावर येते, आणि जिथे कुणाला वाचवायचेच नाही तिथे वाचकाच्या खिशातून पाचाच्या जागी अडतीस जातात. कोणते मिठागर वाचले यात?

सरसकट दराच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने प्रत्येक अत्तराच्या बाटलीचा दर दरपत्रकात शोधत बसावे ही अपेक्षा वेडेपणाची ठरेल. एकच दर असणे सोयीचे आहे, आणि मी तो मोडा असे म्हणत नाही. मी म्हणतो, एकच ठेवायचा तर तो खाली ठेवा. याच सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापरासाठी परदेशातून मागवलेल्या मालावरचे शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. त्यावर जीएसटी वेगळा. घरी बसून परदेशी वेबसाइटवर मागवणाऱ्याला जो विचार लागू होतो, तो स्वतः जाऊन वस्तू हातात घेऊन येणाऱ्याला का नसावा? दोघांचाही माल घरच्या वापराचा असतो. प्रवाशाच्या मर्यादेबाहेरच्या मालावर मूळ शुल्क १० टक्के आणि वर देशात त्या वस्तूला लागतो तेवढा जीएसटी, असे ठरवले तर दादरच्या दुकानदारालाही अन्याय झाला असे म्हणता येणार नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाने जो कर भरला असता तो प्रवाशानेही भरलेला असेल.

सरकारला हे तत्त्व माहीत नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. शुल्क किंवा बंधने फार चढली की सोने चोरवाटेने येते, हा धडा आपण सोने बाळगण्यावर बंधने घालणाऱ्या १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यापासून गिरवत आलो आहोत. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा त्याच्या छायेत मुंबईच्या किनाऱ्यावर दोन दशके काय चालले होते ते सगळ्यांनी पाहिले होते.

किनाऱ्याचा विषय निघाला म्हणून एक कटू आठवण सांगितलीच पाहिजे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत वापरलेले आरडीएक्स रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. सोन्या-चांदीच्या तस्करीने मळलेल्या वाटांवरून ते आले. त्या खटल्यात सीमाशुल्क खात्यातले काही अधिकारीही दोषी ठरले. समुद्राकडे पाठ करून बसलेला कस्टम्स अधिकारी काय किंमत मोजायला लावतो, हे महाराष्ट्राइतके दुसऱ्या कुठल्या राज्याला ठाऊक नसेल. म्हणूनच बंदरावरची तपासणी ढिली करा असे माझ्या लेखणीतून कधी निघणार नाही. उलट मला वाटते की जहाजातून उतरणाऱ्या माणसांच्या बॅगा चाळण्यात जे डोळे आणि जे तास खर्च होतात, ते खऱ्या धोक्याकडे वळायला हवेत. आणि त्यासाठी साधा प्रवासी साध्या रस्त्याने, आपला हिशेब देऊन, लवकर बाहेर पडायला हवा. सीमाशुल्काचे खरे उत्पन्न न्हावा-शेव्याच्या कंटेनरांतून येते. ते निवृत्त शिक्षकाच्या पेटीतून यायचे नाही.

आता कुटुंबाबद्दल. समजा, पुण्याचे एक जोडपे श्रीलंकेची फेरी करून आले. तिने स्वतःसाठी एक लाख दहा हजारांचे घड्याळ घेतले, आयुष्यात एकदाच. त्याने दहा हजारांची किरकोळ खरेदी केली. दोघांची मिळून खरेदी एक लाख वीस हजार, आणि दोघांची मिळून करमुक्त मर्यादा दीड लाख. पण आपल्याकडे एका प्रवाशाची मर्यादा दुसऱ्याच्या मर्यादेत मिसळता येत नाही. तिचे घड्याळ मर्यादेपेक्षा पस्तीस हजारांनी जास्त भरते, आणि ३८.५ टक्क्यांच्या दराने १३,४७५ रुपये द्यावे लागतात. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याची ६५ हजारांची सवलत तशीच पडून राहते. जे जोडपे एका ताटात जेवते, एका खात्यातून घराचे हप्ते फेडते, त्याला धक्क्यावर दोन अनोळखी माणसे समजायचे.

अमेरिकेत हे वेगळे आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मायामीहून किंवा फोर्ट लॉडरडेलहून कॅरिबियन क्रूझला जाणे अगदी सरावाचे झाले आहे, त्यामुळे ही तुलना पुष्कळ घरांत बोलली जाते. तिथल्या रहिवाशाला ८०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त आणता येतो. एकत्र राहणारे, एकत्र परतणारे कुटुंब आपल्या सवलती एकत्र करून एकच डिक्लेरेशन देऊ शकते. जहाज सेंट थॉमसला थांबले, म्हणजे यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये, तर मर्यादा १६०० डॉलरपर्यंत जाते, कारण ती बेटे अमेरिकेचीच आहेत आणि तिथल्या दुकानदारांनाही जगायचे आहे. मला यात सगळ्यांत आवडते ती पुढची पायरी. मर्यादा ओलांडली की पुढच्या १००० डॉलरच्या मालावर सरसकट ३ टक्के, आणि त्या बेटांवरून आणलेल्या मालावर दीड टक्का. मर्यादेच्या पलीकडे तिथे उतार आहे, आपल्याकडे कडा. शंभर डॉलर जास्त खर्च झाले म्हणून तीन डॉलर द्यायचे असतील, तर कोण कशाला खोटे बोलेल? खोटे बोलण्याचा मोह आकड्यांनीच काढून घेतला आहे. अमेरिकेचे सगळे उचलावे असे नाही. त्यांची अर्थव्यवस्था वेगळी, त्यांचे आयात धोरणही अलीकडे फार लहरी झाले आहे. पण ही उताराची कल्पना आपल्याला सहज घेता येईल.

सगळ्यांत नाजूक प्रश्न दागिन्यांचा. इथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपल्या बायका दागिने घालून प्रवास करतात आणि पुढेही करणार. मंगळसूत्र, पाटल्या, कानातले, हे कपाटात ठेवून जा असे सांगणे सोपे आहे, पण जी बाई तीस वर्षांत एक दिवस मंगळसूत्राशिवाय राहिलेली नाही तिला ते सांगून पाहा. २०१६ च्या नियमांत 'वैयक्तिक वस्तू' म्हणजे रोजच्या गरजेच्या वस्तू, आणि त्यात दागिने धरलेले नव्हते. दागिन्यांची वेगळी सवलत होती, पण ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी. पुरुषाला २० ग्रॅम, पण किंमत ५० हजारांच्या आत. स्त्रीला ४० ग्रॅम, पण किंमत एक लाखाच्या आत. २०१६ मध्ये तोळ्याचा भाव तीस हजारांच्या आसपास होता, तेव्हा हे जेमतेम जुळत होते. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला पोहोचला आणि पुरुषाच्या पन्नास हजारांत अर्धा तोळा बसू लागला. कागदावर २० ग्रॅम, हातात ५. दिल्ली उच्च न्यायालयाने दागिन्यांच्या जप्तीच्या अनेक प्रकरणांत या विसंगतीवर बोट ठेवले, अंगावरचे वापरातले दागिने आणि विक्रीसाठी आणलेले दागिने यांत फरक करायला सांगितले, नियमांचा फेरविचार करा असेही सुचवले. २०२६ च्या नियमांत किंमतीची अट गेली आणि वजन तेवढे राहिले. हे योग्य झाले, आणि त्याचे श्रेय ज्या प्रवाशांनी कोर्टाची पायरी चढली त्यांनाही आहे.

पण क्रूझच्या प्रवाशाचे काय? तो परदेशात वर्षभर राहिलेला नसतो, चार रात्री राहिलेला असतो. ही सवलत त्याच्यासाठी नाहीच. त्याने अंगावर घालून नेलेले सोने इथलेच होते हे सिद्ध करायचे कसे? रूढ मार्ग असा की जाताना कस्टम्सला दागिने दाखवून, वर्णन आणि वजन लिहून, प्रमाणपत्र घ्यायचे आणि येताना ते दाखवायचे. कॅमेरा किंवा महागडे घड्याळ घेऊन जाणाऱ्यालाही हाच सल्ला दिला जातो. आता डोळ्यांसमोर आणा. जहाज सुटायची दुपार, हजारभर माणसांची गर्दी, व्हीलचेअरवरच्या आजी, कडेवर पोरे, आणि त्यात पाटल्यांचे वजन करून घ्यायला कुणी वेगळ्या खिडकीवर जाईल? ती खिडकी कुठे आहे हेसुद्धा बहुतेकांना माहीत नसते. तिकीट देतानाच क्रूझ कंपनीने हे मराठीत, हिंदीत, गुजरातीत स्पष्ट लिहून द्यावे. प्रवाशाने घरूनच दागिन्यांचे फोटो आणि सराफाची पावती ऑनलाइन चढवावी, आणि धक्क्यावर फक्त शिक्का मारून घ्यावा. अंगावरच्या ठराविक वजनापर्यंतच्या दागिन्यांना, म्हणजे परदेशातून परतणाऱ्या स्त्रीला आज ४० ग्रॅम आहेत तेवढ्याच वजनापर्यंत, येताना-जाताना कोणताही कागद मागू नये. अंगावरचे जुने, झिजलेले मंगळसूत्र आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली कोरी साखळी यांतला फरक अनुभवी अधिकाऱ्याला डोळ्यांनी कळतो. त्याच्या त्या नजरेला नियमाचा आधार द्यावा.

डिक्लेरेशनबद्दल मला सर्वांत जास्त आशा वाटते, कारण इथे क्रूझची एक मोठी सोय आहे जी विमानाला नाही. विमानातून उतरणारा माणूस झोपमोड झालेला, पट्ट्यावरच्या बॅगेकडे डोळे लावलेला, टॅक्सीची चिंता करणारा असतो. क्रूझच्या प्रवाशाचा शेवटचा दिवस बहुधा अख्खा समुद्रावर जातो. जहाजाला बंदर गाठायला वेळ असतो, प्रवाशाला हाताशी काही काम नसते. प्रवाशांची यादी आगाऊ देण्याची तरतूद २०१७ मध्येच कायद्यात आली आहे. खरेदीचा मोठा भाग तर जहाजावरच्याच दुकानात होतो, आणि त्याचा हिशेब प्रवाशाच्या कार्डावर नोंदलेला असतो. मग शेवटच्या संध्याकाळी जहाजावरच एक टेबल का नसावे? तिथे प्रवाशाने आपली यादी द्यावी, शुल्क किती ते तिथेच कळावे, कार्डाने तिथेच भरावे, आणि सकाळी धक्क्यावर पावती दाखवून निघावे. 'अतिथी' हे मोबाइल अॅप सरकारने २०१९ मध्ये प्रवाशांच्या आगाऊ डिक्लेरेशनसाठीच आणले. पण समुद्रात इंटरनेट महाग, आणि साठीच्या माणसाला फोनवर फॉर्म भरणे जमेलच असे नाही. कागदाचा साधा फॉर्म आणि समोर बसून समजावणारा एक माणूस, यांची जागा अॅपला घेता येणार नाही.

असे टेबल असले तर आणखी एक अन्याय टळेल. धक्क्यावर माल अडवला गेला की घाबरलेल्या प्रवाशासमोर छापील कागद येतो. कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको, असे त्यावर आधीच छापलेले असते आणि खाली सहीची जागा. लवकर सुटायचे म्हणून माणूस सही करतो आणि स्वतःचाच हक्क सोडून बसतो. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हक्क सोडल्याच्या अशा छापील कागदांना कायद्यात जागा नाही असे सुनावले. सीमाशुल्क कायद्याच्या १२४ व्या कलमाने नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलेली आहे. ती अशी घाईच्या सहीत वाहून जाऊ देता कामा नये. ज्यांना ही सही करावी लागली अशा लोकांशी मी बोललो आहे. त्यांना शुल्काच्या रकमेचे फारसे वाईट वाटलेले नसते. मुलाबाळांसमोर चोरासारखे उभे राहावे लागले, ते मात्र वर्षानुवर्षे मनातून जात नाही.

एवढे लिहूनही काही गोष्टी तशाच कडक राहाव्यात असे माझे मत आहे. दोन लिटरच्या पुढची दारू, शंभराच्या पुढच्या सिगारेटी, दागिन्यांखेरीज इतर स्वरूपातले सोने-चांदी, यांना सवलत नाही आणि नसावी. पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून विक्रीसाठी माल आणणाऱ्याला घरच्या वापराची सवलत मिळू नये. त्याच्या पासपोर्टवरच्या तारखाच ते सांगतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळत असताना सपाट पडद्याच्या टीव्हीवरची सवलत काढून घेतली गेली, कारण दुबई-बँकॉकहून लोक विमानातून टीव्हीच टीव्ही आणत होते. तेव्हा ते बरोबरच होते. मात्र त्या वेळी निदान कारण सांगितले गेले होते, आणि कोणती वस्तू ते ठरले होते.

बॅलार्ड पियरवरून नवीन कस्टम हाउस चालत काही मिनिटांवर आहे. त्या इमारतीत बसणाऱ्यांना हे टेबल सुरू करायला संसदेची परवानगी लागत नाही. दर बदलायला अर्थसंकल्प लागेल, मर्यादा महागाईशी जोडायला नियम बदलावे लागतील, कुटुंबाला एक धरायलाही अधिसूचना लागेल. पण येत्या हंगामात श्रीलंकेहून परतणाऱ्या एखाद्या जहाजावर, शेवटच्या संध्याकाळी, दोन अधिकारी आणि मराठी-हिंदीतले फॉर्म पाठवून पाहायला फक्त एका आयुक्ताची सही पुरेल. पहिल्या फेरीत किती प्रवासी आपण होऊन त्या टेबलापाशी येतात, ते मोजावे, आणि तो आकडा दिल्लीला पाठवावा.